बेडकाचा तळ

कुंडीला पाणी घालताना चिनीमातीचा हिरवा बेडूक हाताला लागला. त्याच्या तळाला भट्टीतल्या भाजक्या मातीच्या फळीचा तुकडा अजून चिकटलेला आहे.

भांडुपच्या शेडमध्ये मी आणि ताई बागेत ठेवायचे बेडूक, कासवं बनवायचो. ग्लेझ, म्हणजे वरचा चकाकीचा लेप, भट्टीत वितळून त्याची काच होते, म्हणून ते लावल्यावर तळ ओल्या स्पंजने पुसायचा. नाहीतर वस्तू फळीला कायमची चिकटते. हे मला ताईनेच शिकवलेलं. त्या खेपेला ग्लेझ तिने लावलं होतं. भट्टी उघडली तर सगळेच्या सगळे बेडूक फळ्यांना घट्ट. ती छिन्नीने एकेक सोडवायला बघत होती, ते फुटत होते, तिची बोटं रक्ताळली होती.

"पुसले होते गं मी! आईशप्पथ!"

"खोटं बोलू नकोस! सगळ्याची वाट लावलीस," मी ओरडले.

ती खोटं बोलत नव्हती. तिला आठवतच नव्हतं, आणि ती प्रचंड घाबरली होती. मला फक्त फुटलेले बेडूक दिसत होते.

आता ती मला ओळखत नाही, 'बाई' म्हणते. चहा संपला की कप उलटा करते आणि गाऊनच्या टोकाने त्याचा तळ पुसत राहते. मग घाबरून माझ्याकडे बघते.

"पुसला ना मी?"

"पुसलास गं ताई," मी म्हणते. दिवसभर म्हणत राहते.