हरणासाठी कुठली गोळी?

"आक्का, हरणाला कुठली गोळी चांगली?"

शंकरअण्णांनी हे अशा सुरात विचारलं, जणू मी चुरमुरे विकते आणि त्यांना भडंगाला कुठले चालतील ते हवंय.

बेळगावात माझं बंदुकीचं दुकान आहे. रीतसर लायसन्सवालं, वडिलांनंतर माझ्याकडे आलेलं. नवीन गिऱ्हाईक अजून विचारतं, "साहेब कुठं गेलेत?" मी सांगते, साहेब मीच. तरी काही जण बाकावर बसून वाट बघतात.

अण्णा मात्र जुने. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. तीनशे पंधरा बोरची रायफल, लायसन्स स्वसंरक्षणाचं. कुणापासून संरक्षण, हे त्यांचं अजून ठरायचंय. त्या दिवशी सोबत पुतण्या होता, रोहन. टेक्सासमध्ये नोकरी, सुट्टीला आलेला.

"ह्यो तिकडं दरवर्षी हरीण मारतो," अण्णा म्हणाले. "आता मी ह्याला आमच्या खानापूरकडची शिकार दाखवणार."

रोहनला विषय कळत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं सॉफ्ट नोज मिळतात ना?"

वाचकांसाठी सांगते. रायफलच्या गोळीच्या शिशावर तांब्याचं पातळ कवच असतं. कवचानं टोकही झाकलं असेल तर ती फुल जॅकेट. ती जनावरातून आरपार जाते, मागं जे असेल त्यालाही लागते, आणि जनावर जखमी होऊन लांब पळतं, हाल होऊन मरतं. सॉफ्ट नोजचं टोक उघडं असतं. आत शिरल्यावर ते पसरतं आणि जनावर जागच्या जागी पडतं. म्हणून जिथं शिकार कायदेशीर आहे, तिथं हरणाला सॉफ्ट नोज वापरतात. रोहनचं बरोबर होतं.

"आणि इथं परमिट कुठं काढायचं?" त्यानं विचारलं.

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा पंख्याकडं बघत होते.

"परमिट नसतं," मी म्हणाले. "आपल्याकडं हरणाची शिकार बंद आहे. पूर्ण. मारलं तर जेल. हिंडलग्याचं जवळच आहे, काकांना लांब जावं लागणार नाही."

रोहन काकांकडं वळला. "काका, तुम्ही तर म्हणालात, सीझन चालू हाय."

"अरं, हितं सीझन न्हाय बघत कुणी. वळख बघत्यात." मग माझ्याकडं वाकून, हळू आवाजात, "आक्का, रजिस्टरात डुकरासाठी म्हणून लिवा की."

"डुकरालाही वनखात्याची परवानगी लागते. आणि तुमचं लायसन्स स्वसंरक्षणाचं आहे. हरीण अंगावर आलंय का कधी?"

रोहन हसला. ते अण्णांना लागलं.

"तुमच्या वडलांनी असं कधी केलं न्हाय," ते म्हणाले.

वडिलांनी तर असंच काही मागणाऱ्या एका पुढाऱ्याला दुकानातून बाहेर काढलं होतं. पण मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. अण्णा पाय आपटत गेले. मला वाटलं, विषय संपला.

त्याच आठवड्यात मला पोलीस स्टेशनमधून बोलावणं आलं. अण्णा हाताला बँडेज बांधून बसलेले, भुवया जळालेल्या. शेजारी रोहन, खाली मान घालून. टेबलावर रायफल आणि एक फाटलेलं काडतूस.

इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, हे म्हणतात, गोळ्या तुमच्याकडनं घेतल्या. तुम्ही खराब माल दिला."

बेकायदा काडतूस विकल्याचा ठपका म्हणजे दुकान बंद. वडिलांचं नाव, माझी भाकरी, सगळं त्या टेबलावर होतं. आणि अण्णा माझ्याकडं बघायलाही तयार नव्हते.

मी काडतूस उलटं केलं. त्याच्या बुडाला फॅक्टरीची खूण आणि वर्ष कोरलेलं असतं. ते वर्ष वाचून मला हसू आलं.

"साहेब, हे बनलं तेव्हा मी शाळेत फ्रॉक घालून जात होते. एवढा जुना माल कुठल्या दुकानात मिळतो?"

"हौदा? खरंच?" म्हणत इन्स्पेक्टरनी चष्मा लावला आणि स्वतः वाचलं. मग रोहननं तोंड उघडलं.

"साहेब, मॅडमनी माझ्यासमोर नाही म्हटलं. गोळ्या आजोबांच्या कपाटातल्या होत्या, दमट झालेल्या. मी नको म्हणत होतो. काका म्हणाले, नुसता फोटो काढायला चल."

"गप बस रं!" अण्णा ओरडले.

रोहननं पुढचंही सांगून टाकलं. हरीण समोर उभं होतं. अण्णांनी चाप ओढला, नुसती टिक झाली. अशा वेळी बंदुकीचं तोंड मोकळ्या जागेकडं धरून थांबायचं असतं, कारण दमट दारू उशिरा पेटू शकते. आम्ही त्याला हँगफायर म्हणतो. अण्णांना थांबणं माहीत नाही. त्यांनी लगेच बोल्ट, म्हणजे काडतुसामागची खिट्टी, मागं ओढला आणि काडतूस हातात फुटलं. हरीण आवाजानं पळालं. ठणठणीत.

रायफल जप्त झाली, लायसन्स सस्पेंड झालं, वनखात्यानं वेगळी केस घातली. ओळखीचे फोन खूप आले म्हणे, पण दवाखान्यातल्या डॉक्टरनं बंदुकीच्या जखमेचा रिपोर्ट आधीच पोलिसांना पाठवला होता.

परवा चिकोडीला एका लग्नात अण्णा भेटले. दोन बोटं अजून वाकत नाहीत. जिलेबी डाव्या हातानं खात होते. मला वाटलं, माफी मागतील.

"आक्का," ते चारचौघांत म्हणाले, "तुमी त्या दिवशी चांगल्या गोळ्या दिल्या असत्या, तर ह्ये झालं नसतं बघा."

आजूबाजूच्या लोकांनी माना हलवल्या. दोघंतिघं माझ्याकडं रागानंही बघायला लागले.

या धंद्यात मी एकच शिकले. नाही म्हणायचं असेल तर साक्षीदार बघून म्हणावं, आणि तो शक्यतो गिऱ्हाइकाच्याच घरातला असावा.