तिसऱ्या चॅनलचं बूच

बोलता बोलता विषय बदलायचा असला, की दादा आधी डाव्या पायाचा चवडा जमिनीवर दाबायचा. दाबला की पुढचं वाक्य भलतंच. शेजाऱ्याच्या भानगडीवरून थेट भाताच्या लावणीवर. समोरचा अजून भानगडीतच रेंगाळत असायचा. मग दादा म्हणायचा, "चॅनल बदलला रे," आणि स्वतःच हसायचा.

धंदा अंगात इतका भिनलेला माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दादा लग्नांतून वाजवत फिरणाऱ्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. राहायला वैशाखऱ्याला, घाटाच्या रस्त्यावर. माझं दुकान मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं. वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणायचो, एवढंच नातं. तो यायचा तो आपला अ‍ॅम्प घेऊन. एसटीत अ‍ॅम्पला खिडकीची जागा, आणि हा दांडा धरून उभा. कंडक्टर ओरडला तर म्हणायचा, "त्याला गाडी लागते."

तो अ‍ॅम्प म्हणजे एक प्रकरणच होतं. मुंबईतल्या कुठल्याशा हॉटेलचा बँड बंद पडला तेव्हा त्याने तो उचलून आणला. आत काचेच्या नळ्या. त्या तापल्याशिवाय अ‍ॅम्प तोंड उघडत नसे. तीन चॅनल. पहिला स्वच्छ, दुसरा जरा खरखरीत आणि तिसरा गळा काढून रडणारा. खाली एक पट्टी, तिच्यावर तीन चॅनलची तीन बटणं, पायाने दाबायची. शेजारी इफेक्टच्या, म्हणजे आवाजात प्रतिध्वनी वगैरे मिसळणाऱ्या, सुट्या डब्या, त्यांची बटणं वेगळी. दादा हे सगळं अनवाणी करायचा. मांडवात देवक बसलेलं असतं, तिथे चप्पल घालून सूर लावायचा नाही, हा त्याचा नेम. खाली कधी बघायचा नाही. "मी कशाला बगू? तळवा बगतो ना."

मार्गशीर्षातल्या एका लग्नात तो तळवा चुकला. पाठवणी चालली होती. नवरी आईच्या गळ्यात पडलेली, दादाने पहिल्या चॅनलवर हळू सूर धरलेला. त्यात थोडा प्रतिध्वनी मिसळावा म्हणून पाय टाकला, तो पडला तिसऱ्या चॅनलवर. मांडवभर असा काही आवाज फुटला, की कडेवरची पोरं किंचाळली आणि नवरीचा मामा बाह्या सरसावून आला. पार्टीच्या मालकाने सर्वांसमोर सांगितलं, "आजून एकदा असं झालं तर घरी बसायचं. गिटारचा आवाज काय, कीबोर्डमधून पन निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात. चेहरा उतरलेला. "काय तरी कर. गिटार गेली तर माझ्याकडं बोलायला काय रायलं नाय."

"पण चुकलं कसं?"

"दिसलं नाय. मांडवात अंधार असतो."

दुपारच्या लग्नात कसला आलाय अंधार, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्यातल्या मेकॅनिकला काम मिळालं होतं, बाकी काही दिसायला तो तयार नव्हता.

उपाय सरळ होता. प्रोसेसर घ्यायचा. म्हणजे सगळे इफेक्ट पोटात असलेली एकच लांबट पेटी. एक बटण दाबलं की हवे ते चालू, नको ते बंद. पहिला प्रोसेसर एका ओळखीच्याकडून मागून आणला. त्याच्या पोटात स्वतःचेच अ‍ॅम्पचे आवाज भरलेले. ते दादाच्या अ‍ॅम्पमधून निघाले, म्हणजे रश्शावर आणखी रस्सा. डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखं ऐकू यायला लागलं. दादाने कानांवर हात ठेवले. दुसरा कल्याणहून आणला. त्याच्या वायरी अ‍ॅम्पच्या पुढून-मागून नीट जोडता आल्या, आवाजही निर्मळ निघाला; पण अ‍ॅम्पचा चॅनल काही त्याला बदलता येईना. त्यासाठी पुन्हा पट्टीवर पाय टाकायचा, म्हणजे ये रे माझ्या मागल्या.

मी म्हटलं, "दादा, अ‍ॅम्प पहिल्या चॅनलवर ठेवून दे. रडणं-ओरडणं सगळं प्रोसेसरमधून काढू. मांडवातल्या कुणाला फरक कळणार नाही."

"मला कळंल ना," तो म्हणाला. "माझा गळा तिसऱ्या चॅनलवर हाय."

मी जास्त ताणून धरलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलंच. मलाही ते काम अर्धवट करायचं नव्हतं. एकाच दाबात इफेक्टही बदलेल आणि अ‍ॅम्पचा चॅनलही, असा प्रोसेसर शोधून मागवला. यायला दोन-तीन महिने लागतील असं कळलं. तोवर लग्नं काय थांबणार होती?

मग मी अक्कल चालवली. पट्टीवरच्या बटणांवर सोड्याच्या बाटलीची पत्र्याची बुचं चिकटवली, पायाला ओळखू यावीत म्हणून. पहिल्यावर पालथं, गुळगुळीत. मधलं बटण नुसतंच. तिसऱ्यावर उताणं, दाते वर करून. दात्यांची धार जावी म्हणून कानस मारली आणि म्हटलं, "बघ."

त्याने चवडा ठेवला. "कळत नाय."

दुसरं बूच लावलं, कानस थोडी कमी मारली. "आजून नाय कळत."

"पाय आहे का बैलाचा खूर?" मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. तिसरं बूच कानस न मारताच लावलं. त्याने पाय ठेवला, जरा जोर दिला, डोळे मिटले. "हां. आता हाय कायतरी."

दोन महिने त्याने त्यावर वाजवलं. मालक खूश, दादा खूश. मी तर दुकानात येईल त्याला बुचांची युक्ती सांगत होतो.

चैत्रात वहिनी दुकानात आल्या. कधी येत नसत. कल्याणच्या दवाखान्यातून थेट आल्या होत्या, हातात औषधांची पिशवी. म्हणाल्या, "पायाला झालंय त्यांच्या. चिघळलंय. शुगर हाय ना, दोन वर्सं झाली. तळव्याला कायच कळत नाय. मी पाय धुवायला घेतला तवा मीच पायलं. गोल जखम, कडंनी दातरं दातरं. कशावर पाय पडला कोन जानं. तुमाला काय बोललं होतं का?"

मी नाही म्हणालो. शुगरचं तो मला कधी बोलला नव्हता, तेवढं खरं होतं. मालकाच्या कानावर जाईल म्हणून त्याने ते घराबाहेर जाऊच दिलं नव्हतं. पण कशावर पाय पडला ते मला ठाऊक होतं आणि मी नाही म्हणालो. वहिनींना पाणी दिलं, जीपपर्यंत पोचवायला गेलो. परत येऊन दुकानाचं शटर ओढलं आणि आत बसून रडलो. लाज वाटावी असंच रडलो.

आठवड्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. मालकाने कीबोर्डवाला ठेवला. आणि त्यानंतर, जखम सुकत आली तेव्हा, सांगितल्यापेक्षा कितीतरी उशिरा, तो प्रोसेसर आला.

मी तो घेऊन वैशाखऱ्याला गेलो. त्यानंतर महिनाभरात, श्रावणात, दादा गेला. म्हणून त्या दुपारचा शब्द न् शब्द मी जपून ठेवलाय. तो खाटेवर बसला होता, कमरेखाली गोधडी. वहिनी शेतावर. कोपऱ्यात अ‍ॅम्प, त्याच्यासमोर ती बुचांची पट्टी अजून तशीच. मी ती बाजूला सारली, चार वायरी जोडल्या, पाचवी चॅनल बदलायची. नळ्या तापू दिल्या.

"तू खाली बस," दादा म्हणाला. "मी मान हलवीन, तवा दाब."

मी जमिनीवर मांडी घालून पेटीच्या बटणांवर हात ठेवला. तो पाठवणीचाच सूर वाजवू लागला. दोन ओळी मी त्याच्या मानेकडे बघत राहिलो आणि दोन्ही वेळा उशीर केला. मग माझ्या लक्षात आलं, की मान हलायच्या आधी गोधडीखाली त्याची डावी मांडी दाबली जातेय. मी तिच्याकडे बघायला लागलो. मांडी दाबली गेली की मी बटण दाबायचो. पहिल्यावरून तिसऱ्यावर, प्रतिध्वनीसकट, एका दाबात. मध्ये खट्ट नाही, खरखर नाही. इतका निर्मळ बदल त्या अ‍ॅम्पमधून मी कधी ऐकला नव्हता. तिसरा चॅनल घरभर रडत राहिला.

दादाने तारांवर हात ठेवून आवाज थांबवला. "जमला," तो म्हणाला. "असाच पायजे होता."

मला वर बघवेना.

"ही पेटी येईपर्यंत तुझ्या बुचांनी तारलं रे. दोन महिने वाजवलं मी, एक चूक नाय झाली."

"दादा," मी म्हणालो, "ते तिसरं बूच मी कानस न मारता..."

गोधडीखाली डावी मांडी दाबली गेली.

"मुरबाडला पाऊस कसा हाय?" त्याने विचारलं. तो माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता.

"बरा आहे," मी म्हणालो.