दोन चहांचं समीकरण

दहावीतली लेक स्वयंपाकघरात मिश्रणाची गणितं सोडवते आहे. दोन जातींचे तांदूळ, क्ष किलो आणि य किलो. चहाला आधण ठेवून मी डब्याच्या तळाकडे बघत राहते. हिचे बाबा दोन चहा एकत्र करून हा डबा भरायचे, एक कडक, एक वासाचा. प्रमाण त्यांच्या हातात होतं. हे गेले, आता डबाही संपत आलाय.

"बाबांच्या चहाचं ते प्रमाण काढता येईल का गं?"

"दोन्ही मिळून डबाभर, हे एक समीकरण झालं. पण आई, दोन लागतात."

दुसरं माझ्या जिभेवर आहे, त्याला आकडा नाही.

"आणि एकच असलं तर?"

"मग उत्तरं संपतच नाहीत."

वाफेत तिचा चेहरा क्षणभर पुसट झाला. रोज सकाळी एक नवं उत्तर करून प्यायचं, एवढंच ना. तळातला शेवटचा चमचा मी आधणात टाकला नाही. ताळा करून बघायला राहू दिला.