न दुखणारी छाती

हे मी आजलोक कोणाले सांगतलं नाही. पोराले नाही, विहारातल्या लोकाईले नाही. जिले सांगाचं होतं तिले तर नाहीच — अन् आता ती नाही. मंग तुमाले काहून सांगून राह्यलो? माहीत नाही. आयका.

मी चौथी शिकलो. कटंगीच्या राइस मिलमंधी जिंदगीभर पोते उचलले. माही बायको सुमन, तिले मी बाजारातही एकटी जाऊ देल्ली नाही. भाजी मी घेवाचो, ती थैली धरून मांगं चालाची. तिले तसंच आवडते, असं मले वाटाचं. का तसं वाटून घेणं सोपं होतं?

पोरगा जर्मनीत नोकरीले. नात झाली तवा त्यानं आमाले दोघाईले तिथं बलावलं. नात चालाले लागली, मंग तिले बालवाडीत सोडाचं काम निंघालं. मी म्हटलं, मले नाही जमत. सुमन गेली. रस्ता चुकली, रडत आली, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मंग बसनं जाऊ लागली. शेजारच्या एका म्हातारीसंगं जमलं तिचं. एकीले दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी हासत बसाच्या. लुगड्यावर पोराचा कोट, गळ्यात काळ्या धाग्यात घराची चाबी. अन् मी? मी खिडकीपाशी. टीव्हीही मले लावता येत नव्हता.

एक दिवस मी खाली उतरलो अन् दरवाजा मांगून बंद झाला. घंट्याईवर तिथल्या अक्षरात नावं, कोणती दाबाची ते वाचता येईना. थंडीत तसाच उभा राह्यलो. ती आली, मले पाह्यलं, हासली.

"सरका जी बाजूले. साऱ्या मिलचे पोते उचलले, अन् एक दरवाजा नाही उघडला तुमच्यानं?"

मस्करीच होती. तिनं चाबी लावली. मी तिच्या मांगं मांगं जिना चढलो — थैली धरून चालावं तसा.

त्याच हप्त्यात मी छाती धरून खाली बसलो.

काही दुखत नव्हतं. सांगून टाकलं आता. काहीच दुखत नव्हतं.

तिथल्या डॉक्टरनं मशिनी लावल्या, काही निंघालं नाही. मी म्हटलं, मशीनले काय समजते, मले माह्या गावात मरू द्या. पोरगा म्हणे, "माय, तू राह्य इथं. बाबाले मी सोडून येतो." मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. तिले राहाचं होतं, साफ दिसत होतं. मी पुन्हा छाती धरली.

तिनं गळ्यातली चाबी काढली अन् सुनेच्या हातात देल्ली.

गावात आल्यावर मी रोगी झालो. भाजीत मीठ नावाले, अन् तेच ती बी खायाची. पाण्याची गुंडी मले उचलू देत नव्हती. धानाचं पोतं सोता घसटत न्यायची. कोणी जोरानं बोललं तर म्हणाची, "हळू बोला, याइचं दिल कमजोर आहे." मी आयकत बसाचो. एक शब्द तर सांगाचा होता. काहून नाही सांगतला? तिनं जपलेलं गोड लागत होतं मले. हेही खरं.

मंग ती भिंतीले हात लावून चालू लागली. इचारलं तर म्हणे, गॅस झाला. बालाघाटले दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणे, दिलाची बिमारी जुनी आहे, लय उशीर केला. मी तिले म्हटलं, "काहून नाही सांगतलं वं?"

"तुमाले धक्का बसला असता जी," ती म्हणे. "तुमचं दिल आधीच तसं."

तवा तरी बोलाचं होतं ना? तिच्या उशाशी बसलो अन् बीमार माणसाचं तोंड करून राह्यलो. ती गेली, ते माही फिकर करतच गेली.

पोरगा फोनवर रोज इचारते, "बाबा, छाती कशी आहे?" बरी आहे, म्हणतो.

काल धानाचं पोतं खांद्यावर घेतलं अन् एकट्यानं घरात आणलं. छातीत काहीच झालं नाही.