पाथरवटांच्या गावात हजेरी

ईडन प्रेरीच्या घरून सकाळी निघालो तेव्हापासून आमचे हे कुरकुरत होते. "दगड बघायला दोन तास ड्राइव्ह?" पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

गाव चिमुकलं, टेकडीच्या पायथ्याशी. स्कॉटलंडहून आलेल्या पाथरवटांनी इथली खाण फोडत ते वसवलं. शाळा, चर्च, बँक, सगळं त्याच करड्या दगडाचं. खाण कधीच बंद पडली. तिच्यात साठलेल्या पाण्यात लोक आता गळ टाकून बसतात. तरुण मंडळी शहरात गेली. उरलेली वर्षातून एकदा जत्रा भरवतात. तिलाच आम्ही आलो होतो. तिथे हॅगिस (कलेजी आणि ओट्सचा उकडलेला गोळा) खाल्ला. दिसायला भयंकर, पण मिरी झणझणीत! मी दोनदा घेतला.

वारा बोचरा, म्हणून सेलमधला चौकड्यांचा मफलर गुंडाळला होता. काठी टेकत आलेल्या एका आजीबाईंनी तोच धरला.

"हा तर आमचा चौकडा! कुणाची गं तू?"

"माहेरची वैद्य, सासरची कुलकर्णी," मी सवयीने बोलून गेले.

ती खो खो हसली. तिचं नाव अ‍ॅग्नेस. म्हणाली, इथे प्रत्येक क्लॅनचा (कुळाचा) चौकडा वेगळा. पुरुष त्याच चौकड्याचा किल्ट (गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालतात. मिरवणूक टेकडीवर जाते आणि तिथे कुळांची हजेरी होते. कुळाची नोंद व्हायला निदान दोन माणसं लागतात. तिचा भाऊ हिवाळ्यात गेला; आता ती एकटीच उरली होती.

हजेरीची यादी घेतलेले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "अ‍ॅग्नेस, यंदा खुर्चीत बसून बघ. नाव गाळतो."

"बसायला घर आहे मला!" ती फणकारली.

मला रागच आला. ज्यांनी खाण फोडली त्यांचं नाव एका माणसावाचून गाळायचं? तिच्या कुळाचा झेंडा शेजारीच टेकवलेला होता, तो मी सरळ उचलला. "दुसरी मी."

"अगं, तुझा काय संबंध?" हे कुजबुजले.

"पर्स धरा," मी म्हणाले.

चढ उभा होता. अ‍ॅग्नेस दर चार पावलांवर थांबायची, पण माझा हात काही घेईना. वर पोचेपर्यंत तिला धाप लागली. नाव पुकारलं गेलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. गृहस्थांनी नाव खोडायला पेन्सिल उचलली, तशी मी वर्गात ओरडावं तशी मराठीतच ओरडले, "हजर!"

"म्हणजे काय?" गृहस्थांनी विचारलं.

अ‍ॅग्नेसने श्वास सावरला. "म्हणजे आम्ही आहोत. लिही."

त्यांनी लिहिलं.

परतताना वाटत होतं, गाव सोडून दूर येणं आपल्याला काही नवीन नाही. पण आपल्या नावाला ओ द्यायला एवढा चढ मी चढले असते का? खरंच सांगता येत नाही. निरोप घेताना अ‍ॅग्नेस म्हणाली होती, "पुढच्या वर्षी मी नसले तरी तू ये. जोडीला एक आण." मी हो म्हणून बसले होते. ते आता यांना सांगितलं.

हायवेचे दोन एक्झिट मागे पडले. मग हे म्हणाले, "तो पुरुषांचा घागरा मला घालावा लागेल का?"

"लागला तर घालाल."