पाचव्या फेरीत बसलेलं पेडल

करंजाडेला दाजी घरतांचं ब्रेकचं गॅरेज आहे. तरुणपणी ते खडीचा डंपर चालवत. एकदा घाट उतरताना ब्रेक इतके तापले की कितीही दाबले तरी गाडी आवरेना. डोंगराला घासत घासत कशीबशी थांबवली, म्हणून वाचले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि ब्रेकचंच काम शिकून घेतलं.

खारघरच्या एका कॉलेजात शिकवणारी मनस्वी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. कॉलेजला न्यायची तीच गाडी घेऊन ती वर्षातून दोनदा दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर जाई. या खेपेला पाचव्या फेरीत ब्रेकचं पेडल एकाएकी मऊ पडलं, पार तळाला टेकलं आणि गाडी वळण सोडून खडीत रुतली. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण मनात धास्ती बसली. आपण ब्रेक उशिरा मारला असणार, असं ती धरूनच बसली होती. मोठ्या डिस्क आणि त्यांना आवळणाऱ्या लाल कॅलिपरचा महागडा सेट तिनं निवडून ठेवला होता. तो मागवून बसवून द्या, एवढंच तिचं म्हणणं.

दाजींनी लगेच होकार दिला नाही. गाडी थंड झाल्यावर पेडल परत वर आलं का, ते विचारलं. आलं होतं. मग त्यांनी चाक काढून थोडं ब्रेक ऑइल बाटलीत घेतलं. कोऱ्या चहासारखं काळं निघालं. जुनं झाल्यानं ते उष्णतेनं लवकर उकळलं होतं आणि पाइपात वाफ धरली होती, म्हणून पेडल बसलं होतं.

दाजींनी बाटली मनस्वीसमोर ठेवली. मोठा सेट बसवला असता तर नवं ऑइलही आपसूक पडलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

"ताई, मागल्या वर्षी गाडी माझ्याकडंच आली व्हती," ते म्हणाले. "ऑइल बदलाया पायजे व्हतं, मी जुन्यातच नुसतं वरनं भरलं. चूक माझी हाय."

मनस्वी रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे माझं चालवणं चुकलं नव्हतं, काका?"

"नाय चुकलं."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला बघून दाजींनाही हलकं वाटलं. मोठ्या डिस्क तिच्या चाकांत मावणारच नव्हत्या, चाकंही बदलावी लागली असती. म्हणून मूळच्याच डिस्क ठेवून त्यांनी जास्त उष्णता सोसणारे पॅड लावले, स्टीलच्या जाळीचे पाइप टाकले, उशिरा उकळणारं नवं ऑइल भरलं. ब्रेक निवावेत म्हणून शेवटची फेरी ब्रेक न मारता सावकाश काढायची आणि तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

ती पुन्हा ट्रॅकवर गेली त्या रविवारी दाजींना जेवण गेलं नाही. एखादा नट ढिला तर राहिला नसेल ना, म्हणून मनातल्या मनात चारही चाकं त्यांनी पुन्हा तपासली. त्यांची बायको रमा दोनदा ताट वाढू का विचारून गेली.

साडेतीनला मनस्वीचा फोन आला. बारा फेऱ्या झाल्या होत्या आणि पेडल पहिल्या फेरीसारखंच घट्ट होतं.

दाजींनी फोन ठेवला, हात धुतले आणि रमाला म्हणाले, "वाढ आता. आणि जवळ्याची चटणी आसंल तं तीबी घाल."