बादलीची ओळ

आत्याचे आवाज दोन. एक स्टुडिओतला: "हनुवटी खाली. अजून. एवढी नको हो, काही पडलंय का खाली?" दुसरा माइकवरचा. तेव्हा ती एकेक शब्द असा जपून टाकते, जणू फरशी ओली आहे. एरवी ती पासपोर्टचे फोटो काढते आणि शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात कविता म्हणते, हातात कागद न घेता.

फोटो काढला की कॅमेऱ्याचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून ती विचारते, "ठेवू की पुसू?" समोरचा पूस म्हणाला की पुसते, मग फोटो कितीही झकास असो. कवितांनाही तोच नियम. ज्याच्यावर कविता, त्याला आधी ऐकवायची.

या वेळची होती बाबांवर, म्हणजे तिच्या थोरल्या भावावर. तिने त्यांना स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं. बाबांनी लगेच केस सारखे केले.

"फोटो नाहीये रे दादा."

"असू दे. तू म्हण."

ती शिकायला परगावी निघाली, त्या सकाळची कविता. सगळे दारात आणि दादा न्हाणीघरात. तिथे ओळ येते: नळ वाहत होता, आणि बादली बाहेर होती.

बाबा खाकरले. त्यांचं खाकरणं म्हणजे थंडीत चालू न होणारी स्कूटर. "बाकी ठीक. बादलीचं पूस."

"अरे, सगळी कविता त्या बादलीत आहे!"

"लोकांना काय सांगायचंय, मी रडत होतो?"

"होतास ना?"

"तोंड धूत होतो."

"अर्धा तास?"

"पूस म्हटलं ना, ठमे."

आत्याचा चेहरा उतरला. पण पुसली.

शनिवारी बाबा पहिल्या रांगेत. आत्या कवितेतल्या त्या जागेपाशी आली आणि थांबली. तिथे दुसरं काही भरायला तिचं मन झालं नव्हतं. शांतता लांबली तशी मागे कुजबुज सुरू झाली.

"विसरली वाटतं."

"तरी सांगत होते, कागद ठेवावा हातात."

बाबा ताडकन उठले. "विसरलेली नाही ती! मी काढायला लावली ती ओळ."

"कुठली हो?" एका आजोबांनी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

बाबांनी आत्याकडे पाहिलं. पुसलेलं ती कशी सांगणार?

"नळ वाहत होता," बाबा म्हणाले, मीटरचं रीडिंग सांगावं तसे, "आणि बादली बाहेर होती. झालं?"

आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. आत्याने माइक जरा लांब धरून नाक ओढलं आणि तिथूनच पुढे म्हणू लागली.